पाखऱ्या, मी आणि अकोल्याचा माणूस

२ एप्रिल. सकाळी सहा.
बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आज उघडली. कारण तसंच आहे. वाशिमला अ‍ॅक्टिंग-मॉडेलिंगच्या क्लासला नाव घातलं. वय चोपन्न. तीस वर्षं बैलबाजारात दलाली केली, ते काय होतं? अ‍ॅक्टिंगच. फक्त कॅमेरा नव्हता.
बायकोला, शीलाला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणे, "मॉडेलिंग म्हंजे कपडे घालून दाखवाचे ना? मंग पह्यले घरात घालून दाखवा." मी बनियनवर होतो. कलाकाराच्या घरी सुरुवातीला असंच बोलतात.
संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. चहा बंद.

३ एप्रिल.
चाललो नाही. रस्त्यात कुत्री होती. चहा दोनदा.

५ एप्रिल. दुपारी.
पहिला क्लास. टेलरच्या दुकानावरची खोली, एका भिंतीला आरसा. पुनीत सर वयानं माझ्या निम्मे, पण नजर पारखी. मला म्हणाले, तिकडे चाला. वळा. थांबा. मान वर. दात दाखवा. मनात म्हटलं, हे तर आपल्या बाजारातलंच काम! म्हणजे निम्मा कोर्स मला आधीच येतो.
सर म्हणाले, "वय वय काय करता, रामराव? अंगावर दिसतं कुठे?" हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलंय. बहुतेक टीव्हीवर.

९ एप्रिल.
आज एक्स्प्रेशन. सर म्हणाले, आनंद दाखवा. दाखवला. सर म्हणाले, दाखवा ना. म्हटलं, दाखवूनच राहिलो. मग दुःख, मग राग. मागे पोरं तोंडाला हात लावून हसत होती, म्हणजे प्रेक्षकांवर परिणाम होतो.
अडचण एकच. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्यात आयुष्य गेलं. तेव्हा चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नसते. सर शेवटी म्हणाले, तुमचं नॅचरल आहे, आतून येतं. बरोबर आहे. बाहेर काही येत नाही म्हणजे सगळं आतच असणार.

१६ एप्रिल.
मिशीला डाय लावला. एसटीत उकाडा. कॉलरवर काळा ओघळ. कंडक्टर म्हणे, "भाऊ, मिशी खाली उतरून राह्यली तुमची. तिचं तिकीट मेडशीपर्यंतच काय?" सगळी गाडी हसली. पब्लिक मला ओळखायला लागलं आहे.

२२ एप्रिल.
मोठी बातमी. ट्रॅक्टरच्या जाहिरातीसाठी मुंबईवाल्यांना नेमका माझ्यासारखा चेहरा हवा आहे. सर म्हणाले, असा चेहरा जिल्ह्यात दुसरा नाही, फक्त योग्य हाती पडला पाहिजे. त्यासाठी पोर्टफोलिओ लागतो, म्हणजे फोटोंची वही. खर्च दणकट आहे. विचार करतो म्हणालो, तेवढ्यात सरांना फोन आला. म्हणजे त्यांनी तो कानाला लावला. अकोल्याचा कोणी माणूस. जागा एकच उरली आहे आणि ती त्याला पाहिजे. सर त्याला म्हणाले, थांबा, आधी आमच्या रामरावांना विचारतो. माझ्यासाठी अकोल्याला थांबवलं!
बाजारात मीही असा फोन लावतो, लोणारचं गिऱ्हाईक म्हणून. पण माझा खोटा असतो. सरांच्या फोनचा लाईट लागलेला नव्हता, ते बॅटरी वाचवत असतील. तीस वर्षांत मला कोणी गंडवलं नाही, त्यामुळे खरा माणूस मी लगेच ओळखतो.

२५ एप्रिल.
निर्णय झाला. पोर्टफोलिओसाठी पाखऱ्या बैल विकणे. बारा वर्षं औत ओढलं, जोडीदार गेल्या साली गेला, आता गोठ्यात बसून असतो. शीलानं ऐकलं आणि जेवता जेवता उठली. संध्याकाळी म्हणे, "इकाचा तं इका. पण दावं तुमीच सोडा, मी नाही सोडत. आन् कोनाच्या हाती देल्ला ते मले येऊन सांगा. खोटं नोका सांगू."
बायकांना करिअर समजत नाही. चहा आजपासून नक्की बंद.

३० एप्रिल. बाजारातून आल्यावर.
सकाळी पाखऱ्याची शिंगं तासून तेल चोपडलं. उरलेल्या वेळात माझ्या मिशीला डाय. दोघेही चमकत निघालो.
रिठदच्या हिरीबाई बैल पाहायला आल्या. मी सुरू झालो. वय वय काय करता बाई, अंगावर दिसते कुठं? चाल पाहा. असं जनावर जिल्ह्यात दुसरं नाही, फक्त योग्य हाती पडलं पाहिजे. इथे जीभ जरा अडली. ते वाक्य कुठे ऐकलं होतं ते आठवलं. टीव्हीवर नाही. माझ्याच तोंडून, तीस वर्षं.
तरी सवयीनं फोन कानाला लावला. लोणारचं गिऱ्हाईक.
बाईनं सगळं ऐकून घेतलं. पाखऱ्याचा ओठ वर करून दात पाहिले. शिंगावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे. म्हणे, "दोघायचं तेलपानी एकाच दुकानातलं दिसते, भाऊ. इतका गुनाचा हाये तं घरीच काहून नाही ठेवत? नाहीतं लोनारवाल्याले देऊन टाका. कायले त्याले फोनवर उभं ठेवता?"
माझा बाजारातला जोडीदार सेवालाल शेजारीच होता. म्हणे, "रामरावभाऊ, तीस वर्सांत पह्यल्यांदा तुमच्या तोंडावर काईतरी दिसलं." काय दिसलं ते मी विचारलं नाही.
पाखऱ्याला घेऊन पायी परत. पाच किलोमीटरचा संकल्प त्यातच पुरा झाला. शीलानं दावं बांधलं, त्याच्यापुढे सरकीची ढेप ठेवली, माझ्यापुढे चहा.

२ मे. सकाळी.
सरांचा फोन. जागा अजून एकच आहे आणि अकोल्याचा माणूस लाइनवर आहे. म्हटलं, सर, देऊन टाका त्याला. बिचारा दहा दिवसांपासून फोन धरून उभा आहे. आणि ठेवला.
मोकळं वाटलं. मिशी साबणानं धुतली. पांढरी बरी दिसते.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
पण तो अकोल्याचा माणूस खरंच असेल तर? तो ट्रॅक्टरवर बसणार आणि मी इथे पाखऱ्याची ढेप भिजवत.
उद्या सरांना सहज फोन करावा. बाकी काही नाही, तो दिसायला कसा आहे एवढंच विचारायचं.