पाया पडायची रांग

एलियाझर काका, शालोम.

हे पत्र तुम्हाला इस्राएलला पाठवणार नाहीये. ‘धर्माचा तमाशा केलास’ म्हणाल. केला, काका! इथे परदेशात, बिशान भागातल्या हॉलमध्ये, इथल्या मराठी मंडळींपुढे, नऊवारी नेसून, आपल्या बेने इस्राएली ज्यूंच्या चालीवर एस्तेर राणीचं कीर्तन केलं. राजाच्या दुष्ट प्रधानाचं, हामानाचं नाव आलं की पोरं झांजा बडवून इथल्या बोलीत ‘बू, लाह!’ ओरडायची.

पण तुम्ही घातलेली भीती मनात होतीच. कीर्तन संपलं की लोक कीर्तनकाराच्या पाया पडणार, आणि आपली गोष्ट तर हामानापुढे न वाकणाऱ्या मर्दखयाची, एस्तेरला वाढवणाऱ्या तिच्या चुलतभावाची!

शेवटी रांग लागलीच. पहिल्या सुलेखाताई, सत्तरीच्या. त्या वाकायला लागल्या तशी मी एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात त्या मध्येच थांबल्या आणि हसल्या.

“अगं, आत्ताच तर सांगितलंस, मर्दखय माणसापुढे वाकला नाही. मग मी कशी वाकू?”

त्यांनी मला मिठीच मारली. मागे बघितलं, तर सगळी रांग हात पसरून उभी.

तुमचं न ऐकणारी पुतणी,
रिवका