मॅटाडोरचे मागचे दिवे

१२ फेब्रुवारी १९९१

आज नव्या घरी राहायला आले. घराला चार चाकं आहेत आणि भोंगा आहे. माझ्या बापाच्या घराला यातलं काहीच नव्हतं. इतके महिने कळव्याला लेकीकडे होते. जावई इतका गोड बोलायचा की मलाच निघायची घाई झाली. इथे खाडीकाठचं आमचं जुनं घर पाडलंय. नवं उभं राहीपर्यंत माझ्या लेकाने, मारुतीने, एक जुनी मॅटाडोर घेऊन तिच्यातच संसार थाटलाय. दोन बाजूंना झोपायच्या फळ्या, मध्ये स्टोव्ह, वर देव. नातू परशुराम वरच्या फळीवर झोपतो. पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन आजी, असं त्याने आधीच सांगून ठेवलंय.

हे लिहितेय माझी सून, सरस्वती. मला अक्षर येत नाही. लेकीने कोरी डायरी दिली, ती वाया का घालवायची? सरूला म्हटलं, मी बोलेन तसं लिही, तुझ्या शाळेतलं शुद्ध घालू नकोस. ती हसतेय. हसलीस तेही लिही.

१४ फेब्रुवारी

सकाळी मारुती आणि सरू सुकी मासळी भरून गाडी बाजाराला नेतात. बाजार लांबचा असला तर गाडीतच मुक्काम. मी आणि परशुराम दिवसभर शेजारच्या जाईबाईच्या ओट्यावर. जाईबाईला ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

अंधार पडल्यावर गाडी परत येते आणि खरी कसरत सुरू होते. आमची जागा चिंचोळी. एका अंगाला जाईबाईची भिंत, दुसऱ्या अंगाला चिखल, शेवटी बांध, बांधापलीकडे खाडी. गाडी वळायला जागा नाही, रस्त्यापासून उलटीच आत घ्यायची. मारुती आरशात बघत नाही. बापाने त्याला तसंच शिकवलं: मागून ‘येऊ दे, येऊ दे’ ऐकू येतंय तोवर येत राहा, पत्र्यावर थाप पडली की थांब.

गेल्या भाद्रपदात मारुती भाड्याचा टेम्पो असाच आत घेत होता. भरती होती. आमचे हे ‘येऊ दे’ म्हणत उलटे चालत गेले आणि बांध जिथे ढासळला होता तिथून खाली गेले. थाप पडलीच नाही. ‘येऊ दे’ बंद झालं म्हणून मारुती थांबला, त्याला वाटलं, म्हातारा बिडी पेटवत असेल. अंग काही सापडलं नाही. जन्मभर खाडीत जाळं टाकणारा माणूस, आणि खाडीने त्याला जमिनीवरून नेलं. इतकी थट्टा करायची तर निदान हसू तरी यायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

मारुतीने शीळफाट्याच्या राघो मेस्त्रीकडून दोन मोठे पांढरे दिवे आणले. दुपारभर छतावर बसून वायर ओढली आणि मागच्या दाराच्या वर दोन कोपऱ्यांत बसवले. रिव्हर्स गेर टाकला की आपोआप पेटतात. आता मागे कुणी उभं राहायचं नाही, म्हणाला. जाईबाई म्हणाली, लग्न कुणाचं? मी म्हटलं, माझंच, तू करवली हो. परशुराम उजेडात नाचला, त्याची सावली पार भिंतीवर चढली.

त्या उजेडात बांध दिसला, बांधावरचे खेकडे दिसले, ढासळलेली कड दिसली. काम कधीच संपलं होतं, तरी मारुती बराच वेळ त्या वायरीवर पट्टी गुंडाळत बसला.

१९ फेब्रुवारी

आज गाडी आत आल्यावर मारुतीने विचारलं, मागे कोण उभं होतं? कोणीच नव्हतं. मी ओट्यावरून बघत होते. तो म्हणाला, कुणीतरी ‘येऊ दे’ म्हणत होतं. सरू म्हणाली, पलीकडचा काळुराम असेल. काळुराम कालपासून कल्याणला आहे. मी मारुतीला म्हटलं, कान साफ कर. तो हसला नाही.

एरवी गाडी भिंतीच्या टोकाशी थांबते. आज तिथून मागे, बांधाकडे गेली.

२१ फेब्रुवारी

मी पाहिलं.

दिव्यांच्या उजेडात, जिथे उजेड संपतो तिथे. कमरेला तोच लाल रुमाल, ओला. उजवा हात वर, पंजा स्वतःच्या अंगाकडे हलवत होता, जसा नेहमी हलवायचा. तोंडही हलत होतं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आयुष्यभर असंच. बायको समोर बसलेली आणि लक्ष गाडीकडे.

घाबरले का? सरू विचारतेय. नाही गं. मी मारुतीला म्हटलं, गाडी वाकडी लागली, बाहेर काढून परत घे. त्याने घेतली. मला परत दिसले. मग म्हटलं, अजून थोडी वाकडी आहे.

२३ फेब्रुवारी

रोज एक पाऊल मागे उभे राहतात. काल बांधावर होते. आज बांधापलीकडे. तिथे उभं राहायला जमीन नाही.

गाडीही तेवढीच मागे जाते. मागची चाकं आज बांधाच्या मातीत होती. मी थापा मारल्या, ओरडले, तळहात सुजला. मारुती खूप उशिरा थांबला. म्हणाला, ती बाबाची थाप नव्हती.

परशुरामला उद्या सकाळी कळव्याला पाठवते.

२४ फेब्रुवारी

पोरगं गेलं. मारुती जेवला नाही. सरूसमोर रडला. म्हणतो, त्या दिवशी बाबाने थांब म्हटलंच नाही, आणि मी थांबलो. मी जात राहिलो असतो तर तो माझ्या पुढेच राहिला असता. आता तो थाप देईल तेव्हाच थांबेन.

मी समजावलं. बापाच्या जागी तू असतास तर पोराला खाडीत बोलावलं असतंस का? म्हणाला, मी बापच आहे.

२५ फेब्रुवारी

सरूने दिवे काढले. मीच काढायला लावले. संध्याकाळी मारुतीने अंधारातच गेर टाकला. काही दिसत नाही, फक्त तो आवाज — आज मलाही ऐकू आला. पाण्यातून यावा तसा. येऊ दे — येऊ दे —

चाक बांधावर चढलं तेव्हा सरू चाकाच्या मागे आडवी पडली. म्हणून थांबला.

दिवे परत लावायला सांगितले. अंधारातल्यापेक्षा दिसलेलं बरं.

आणि मला ते दिसायला हवे होते. हेही लिही, सरू. लपवू नकोस.

२७ फेब्रुवारी

गाडीची चावी लपवली. त्याने वायरी जोडून चालू केली.

दिवस मावळायच्या आत दमून झोपला. झोपेतही डावा पाय क्लच दाबतो —

२८ फेब्रुवारी

आज शिमगा. सगळी वस्ती होळीवर गेलीय, जाईबाईसुद्धा. ढोलापुढे आमची हाक कुणाला जाणार.

मारुती आत बसलाय, दारं आतून लावून. इंजिन चालू. दिवे पेटलेत. सरूला भिंतीशी बसवलंय, चाकाजवळ यायचं नाही म्हणून शपथ घातलीय. तिने लिहायचं आणि मोठ्याने हुंकार द्यायचा, म्हणजे माझं बोलणं तुटायचं नाही. मारुती आवाजावर जातो. आवाज दोन आहेत. माझा थांबला की दुसराच उरतो — म्हणून मी बोलत राहणार. बोलण्यात मला कुणी हरवलंय का?

मी गाडी आणि खाडीच्या मध्ये, बांधावर आले. भरती आहे. पाणी कोमट. मारुती, आईचं ऐक, हळू, हळू —

हे बघा, समोर आहेत. अहो. अहो, इकडे बघा. पोर येतंय तुमचं. नका बोलावू.

गाडी येतेय. सरू, हुंकार दे गं —

पाणी कमरेला. अहो म्हटलं तर बघत नाहीत. नाव लिही, सरू, जन्मात घेतलं नाही मी. नामा. नामा, इकडे बघ.

बघितलं.

किती थकलाय गं हा. हात तसाच वर धरून — किती महिने — कुणी खाली घे म्हणालंच नाही त्याला —

नामा, पत्रा इथे आहे, माझ्या पाठीशी. एक थाप दे. एकच. मग मी येते, घरी कुणी वाट नाही बघ —

सरू, हात हलवायचा थांबला — हात पुढे — माझ्यावरून पत्र्याकडे की मला धराय