माझ्या कष्टाचा भोपळा

१४ सप्टेंबर, रविवार
पाळकसाहेबांनी जाहीर केलं. चर्चचा कापणीचा सण २ नोव्हेंबरला, विषय 'देवाची कृपा'. देवाने आपल्यासाठी काय केलं याची पाच मिनिटं साक्ष कोण देणार, असं विचारलं. हात फक्त माझा. बाकी मंडळी चपला बघत होती.
रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेला. पावतीशिवाय आलेला माल कधी ताब्यात घेतला नाही. फुकटची कृपा मला तत्त्वतः पसंत नाही. पण बोलायला काय जातंय.
संकल्प: एक, वेदीपुढे ठेवायला स्वतः पिकवलेला भोपळा. दोन, शेजारच्या भिमाजीशी प्रेमाने वागणे. सोमवारपासून.

१५ सप्टेंबर, सोमवार
तळेगावहून आणलेलं बी घरामागे पाण्याच्या टाकीजवळ पेरलं. पाकिटावर तीन महिने लिहिलंय. ते आळशी लोकांसाठी.
भिमाजी भिंतीवरून बघत होता. टाकवे गावची शेती भावावर सोपवून हा लोणावळ्यात मुलाकडे राहायला आला, पण शेतकरीपणा सुटत नाही. म्हणे, आवो सायेब, आता कुटं डांगर लावताय, लय उशीर झाला. माझा येल हाय की, त्येच्यावरचं न्या.
मला दान देतो. मी विचारलं, तुमच्या वेलाला आमच्या भिंतीवर चढायची परमिशन कोणी दिली?
प्रेमाने वागणं पुढच्या सोमवारी.

२२ सप्टेंबर
उगवलेली रोपं गोगलगायींनी खाल्ली. सगळी. गोगलगायी भिमाजीकडून आल्या. त्याचा वेल कसा खात नाहीत, याची चौकशी व्हायला हवी.
साक्षीचा पहिला मुद्दा लिहिला: कृपा कष्टाळू माणसावरच होते.

२८ सप्टेंबर, रविवार
टाकीमागे लिंबाएवढा भोपळा लागलाय. बी पेरून दोन आठवड्यांत. पाकीटवाल्यांना कळवलं पाहिजे.
हिरा म्हणाली, अहो, हा वेल भिंतीवरून आलाय. बायकोला शेतीतलं काय कळतं. मी म्हणालो, आपलाच तिकडे गेला असेल. खात्री करावी म्हणून वेल धरून भिंतीपर्यंत गेलो. पुढे गवत फार होतं.

९ ऑक्टोबर
भोपळा आता चांगला कलिंगडाएवढा. पण ओल्या मातीवर टेकलाय. भिमाजी म्हणे, खाली पेंढा घाला, न्हाईतर सडंल. मी यिऊन घालू का?
आमच्या आवारात पाऊल टाकलंत तर पोलिसात जाईन, असं स्वच्छ सांगितलं.

१० ऑक्टोबर
सकाळी बघतो तर भोपळ्याखाली पेंढा. वाऱ्याने आला असणार. नीट पसरूनही गेलाय.

१९ ऑक्टोबर
पाऊस गेला, ऊन कडक. साक्षीच्या गडबडीत मी पाणी घालायचंच विसरलो. तरी वेल टवटवीत. माझ्या हाताचा गुण.
पलीकडे भिमाजी रोज संध्याकाळी पाइप लावून बसतो. पाण्याची एवढी नासाडी करणाऱ्या माणसाची मला चीड येते.

२७ ऑक्टोबर, सोमवार
त्याची पानं पुन्हा भिंतीवर. डोकं फिरलं. कोयता घेतला आणि भिंतीवरचं सगळं अतिक्रमण छाटून टाकलं. भिमाजी नुसता बघत राहिला. गुन्हेगार असाच गप्प असतो.

२८ ऑक्टोबर
माझा वेल मान टाकून पडलाय. भिमाजीने काहीतरी फवारलं. हिराने कोयता माळ्यावर टाकला. भोपळा सुदैवाने पिकलाय. काढून घेतला.

२ नोव्हेंबर, रविवार, रात्र
साक्ष दिली. बी मी पेरलं, पाणी मी घातलं, देवाने शेवटी फक्त सही केली, असं ठणकावून सांगितलं. मग शेवटच्या बाकावर नजर गेली. भिमाजी. टोपी मांडीवर. हिराने बोलावलं होतं, मला न विचारता.
नंतर दरवर्षीप्रमाणे वेदीपुढच्या वस्तूंचा लिलाव. माझ्या भोपळ्यावर भिमाजीने बोली लावली आणि हटेचना; शेवटी त्यालाच मिळाला. पाळकसाहेब म्हणाले, पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. आता हा सगळ्यांसमोर सांगणार.
भिमाजी उठला. म्हणाला, सायबांनी लय जीव लावला डांगराला. आणि खाली बसला.
जेवणाआधी घरी येऊन गेला. त्याच भोपळ्याच्या घारग्यांचा डबा आणि कागदात बी. म्हणे, औंदा तुमचं जगलंच न्हाई न्हवं, पावसाच्या तोंडाला हे लावा, भिंतीच्या कडंला.
म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मला त्याचा भयंकर राग आला. मग राग कुठे ठेवावा ते कळेना.
जेवताना आभाराची प्रार्थना रोज मीच करतो. हे प्रभू, या अन्नाबद्दल, इथपर्यंत आलो. पुढचं हिराने पूर्ण केलं, भिमाजीचं नाव घेऊन.
घारगे गोड होते. सगळे संपले. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून हिरा विचारते, त्यात काय भरून देऊ, तुमच्या हातचं काही आहे का?
मागे जाऊन टाकीपर्यंत बघून आलो. काही नाही.