तुझ्या वाटची मूठ

लातूर

प्रिय दमू,

तुझा मेसेज कधीचा येऊन पडला आहे. ‘अक्का, तू रागावून गेलीस का? एवढंच सांग.’ दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी फोन उघडते, तो वाचते आणि परत गल्ल्याशेजारी ठेवून देते. हो किंवा नाही लिहून मोकळं होता आलं असतं, पण दोन्ही खोटं ठरलं असतं. तुझे सासरे गेले, त्यांच्या अस्थी वेचताना तुझ्या सासूबाईंनी माझ्या हातात त्या वेचायच्या काड्या दिल्या, आणि मी त्या खाली ठेवून खोलीबाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तुझ्याकडे नीट बघितलंही नाही. तुला जे वाटलं ते वाटणारच. म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोनवर हे मला बोलता येणार नाही. मध्येच मी थांबेन आणि तू ‘नेटवर्क गेलं का’ म्हणून विचारत बसशील.

इथे आल्यापासून मी सगळी कामं करते आहे, पण हात माझे नाहीत असं वाटतं. कापराचे डबे मांडते, विभूतीचे गोळे मोजून देते, आणि गिऱ्हाईक काय म्हणालं ते मला ऐकूच आलेलं नसतं. येणारा जाणारा जपान कसं आहे विचारतो. त्यांना बुलेट ट्रेन हवी असते. मी त्यांना तुमच्या साकाईबद्दल सांगते, की बसक्या घरांचं, जुन्या व्यापाऱ्यांचं गाव आहे, हमरस्त्याच्या मधून घंटी वाजवत ट्राम जाते, एका गल्लीत सुऱ्यांना धार लावतात आणि दुसऱ्या गल्लीत फक्त त्यांच्या मुठी बसवतात. नांदेडहून अंबिका आत्या आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे आपल्या गंजगोलाईच्या बाजारासारखंच की. मग एवढं विमानाचं भाडं कशाला घातलंस गं बाई?” त्यांना हसून दाखवलं. आतून हसू आलं नाही.

मला तुझे सासरे, मोरितासान, आठवतात. पहिल्या दिवशी तू मला त्यांच्या उदबत्तीच्या दुकानात नेलंस आणि मी एक उदबत्ती हातात घेऊन उलटसुलट करत राहिले. काडीच नव्हती तिला. नुसता मसाला, सुकवलेला, शेवयांसारखा सरळ. अप्पांच्या दुकानात जन्म गेला माझा, पण बिनकाडीची उदबत्ती मी पाहिली नव्हती. ‘मग ही उभी कशी राहते,’ असं मी तुला विचारलं आणि तू त्यांना विचारलंस. त्यांनी एक पितळी वाटी पुढे केली. त्यात आधीच्या उदबत्त्यांची राख होती, चाळून मऊ केलेली. राखेत ती अलगद उभी राहिली. माझा चेहरा बघून ते खांदे हलवून हसले. तू म्हणालीस की घरात ते इतके कधी हसत नाहीत.

त्यांनी गोलाईला किती रस्ते मिळतात हे विचारलं होतं, आठवतं? सोळा सांगितल्यावर त्यांनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, आमच्या गावाभोवती पाण्याचा खंदक होता, आत राजाचं चालत नसे, व्यापारी मिळून कारभार बघत. नंतर युद्धात बरंचसं गाव जळालं, तेव्हा ते आईच्या पाठीवर बांधलेले तान्हे होते. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग आपल्याला त्या उंच सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेले आणि खालचं ते प्रचंड हिरवं रान दाखवलं. ती राजाची समाधी आहे हे मला खरंच वाटेना. भोवती पाणी, आत दाट झाडी, आत कुणाला जाऊ देत नाहीत, आणि काठाकाठाने बायका सायकलवर भाजी घेऊन चाललेल्या. तेव्हा त्यांनी तुझ्यामार्फत अप्पांच्या समाधीबद्दल विचारलं. मी सांगितलं की आपल्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग ठेवतात. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे अजून दुकानात बसल्यासारखेच.” अप्पा गेल्यानंतर मी मोठ्याने हसले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्याच रात्रीच्या जेवणातली गोष्ट तू नंतर कधी काढली नाहीस. मला काड्यांनी जेवणं नुकतं जमायला लागलं होतं आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. सासूबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम बिनमाशाचा भोपळा शिजवला होता. आपल्या घरी पाहुणा असो की वडीलधारं माणूस, पहिला चांगला तुकडा आपण त्याला देतो. मी भोपळ्याची एक फोड माझ्या काड्यांत धरली आणि मोरितासानांपुढे केली. सासूबाईंचा हात भाताच्या वाटीवर थांबला. तुझ्या यूताने मान खाली घातली. तू हळूच मराठीत म्हणालीस, “अक्का, ताटलीत ठेव.” पण ती फोड घसरत होती. मोरितासानांनी माझ्याकडे बघितलं, आपल्या काड्या पुढे केल्या, माझ्या काड्यांतून ती उचलली आणि खाल्ली. छान आहे, असं म्हणाले. मी पुन्हा पुन्हा विचारलं तरी तू म्हणालीस, काही नाही गं, इथे तशी पद्धत नाही. मला वाटलं, उष्ट्याचं काही असेल.

आठवड्याच्या आत ते गेले. सकाळी दुकानाची फळी काढताना खाली बसले ते उठलेच नाहीत.

अंत्यविधीला येऊ नकोस, तुला झेपणार नाही, असं तू म्हणाली होतीस. मला माहीत आहे तुझ्या मनात काय होतं. भूकंपाच्या वेळी तू जेमतेम सहा वर्षांची होतीस, पण मला सगळं आठवतं. अप्पा दुकानातला सगळा कापूर टेम्पोत घालून किल्लारीला गेले होते. तिथे पुरायला माणसं नव्हती आणि वेळही नव्हता. आपल्यातली माणसंसुद्धा सगळ्यांबरोबर एकाच चितेवर गेली. अप्पा परत आले तेव्हा त्यांच्या धोतराला तो वास होता, आणि कित्येक दिवस ते ताटावर बसून नुसते उठून जात. म्हणून मलाही वाटलं होतं की तिथे मला आगीचाच त्रास होईल. पण आग दिसलीच नाही. स्वच्छ, पांढरी, दवाखान्यासारखी खोली होती. एक दार उघडलं, एक लोखंडी तक्ता बाहेर आला, आणि त्यावर राखेत नुसती हाडं होती. गेल्या आठवड्यात माझ्याकडे बघून हसलेलं माणूस होतं ते. अजून ऊब येत होती.

मग तुम्ही काड्या घेतल्या. यूताने एक तुकडा उचलला, तू तुझ्या काड्या पुढे केल्यास, आणि त्याच्या काड्यांतून तो तुझ्या काड्यांत घेतलास. भांड्यात ठेवलास. पुन्हा त्याने उचलला, पुन्हा तू घेतलास.

दमू, तेव्हा मला कळलं मी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर काय केलं होतं. मेलेल्याच्या अस्थी द्यायची रीत मी जिवंत माणसासमोर धरली होती. आणि त्यांना ते माहीत असून, त्यांच्या बायकोला, मुलाला, सुनेला ते दिसत असून, पाहुणीचा हात रिकामा परत जाऊ नये म्हणून त्यांनी काड्या पुढे केल्या होत्या. तू माझ्या कानाशी समजावून सांगत होतीस, की आधी पायाची हाडं ठेवतात, मग वरची, डोक्याची सगळ्यात शेवटी, म्हणजे माणूस भांड्यात उलटा पडत नाही, सरळ बसतो. त्याच वेळी सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. तू ते मराठीत सांगितलंस. “बसले बघा दुकानात,” असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे समाधीबद्दलचं ते बोलणं मोरितासानांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं. मग सासूबाईंनी वळून स्वतःच्या काड्या माझ्या हातात दिल्या. ज्या बाईने त्यांच्या नवऱ्यापुढे तसा घास धरला, तिच्याच हातात.

मी त्या खाली ठेवल्या. पण त्यात किळस नव्हती गं, आणि रागही नव्हता. मी तुझ्या हातांकडे बघत होते. तुझा हात जराही हलत नव्हता. दुसऱ्याच्या वडिलांसाठी तू ते इतकं नीट करत होतीस, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझा तो दुसरा हात आला, फोनच्या काचेतला.

अप्पा सकाळी गेले आणि दिवस मावळायच्या आत त्यांना बसवलं. विधी करणारे स्वामी थांबायला तयार नव्हते, आणि थांबूनही तू त्या दिवशी पोचली नसतीस, हे तुलाही माहीत होतं. रामलिंग काकांनी फोन धरला होता. अर्धा वेळ तुला नुसतं आभाळ आणि लिंबाच्या फांद्या दिसल्या असतील. रडत रडत ते विचारत होते, “दमू, दिसायलंय का गं बाई?” तू हाव म्हणत होतीस. सगळ्यांनी माती दिली. शेवटी तू म्हणालीस, “अक्का, माझ्या वाटची पण टाक.” मी फोनकडे बघितलं तर तू मूठ वळून पुढे केली होतीस. रिकामी मूठ. मी आणखी एकदा खाली वाकले, माती घेतली, टाकली, आणि तू काचेपलीकडे मूठ उघडलीस. मला तेव्हा वाटलं, झालं, दोघींचं झालं. त्या पांढऱ्या खोलीत कळलं की नव्हतं झालं. तिथे प्रत्येकाच्या हातात आपापल्या काड्या होत्या. मी टाकलेल्या दोन्ही मुठी माझ्याच होत्या. तुझ्या हाताला त्या मातीचा कणही लागलेला नाही. हे मला तिथे सर्वांसमोर कळलं. म्हणून बाहेर गेले, आणि म्हणूनच विमानतळावर तुझ्याकडे बघता आलं नाही.

परत आल्यावर मळ्यात, अप्पांच्या समाधीपाशी गेले. मोरितासानांनी अप्पांसाठी दिलेली उदबत्तीची पेटी बरोबर होती. एक काढून मातीत खोचायला गेले तर ती मोडली. आपल्या मातीत ती उभी राहत नाही, तिला राख लागते. मग तशीच आडवी ठेवून पेटवली. ती शेवटपर्यंत जळली, काडी नव्हतीच, मागे नुसती राख उरली. तेवढ्यात काका आले, मलप्पा गवंडीही बरोबर होता. समाधीवर शिवरात्रीच्या आत कट्टा बांधून वर फरशी घालायचं ठरलं होतं, ते तुलाही माहीत आहे. फरशी येऊन पडली होती. मलप्पाने दोरी लावली. मी म्हटलं, बांधायचं नाही. काका चिडले. “वरीस होत आलं, उघडी माती किती दिवस ठेवायची? लोक काय म्हणतील, पोरींना दगड घालायला होईना?” मी म्हटलं, दमूची मूठ राहिली आहे. ते म्हणाले, “तू टाकलीस की तिच्या वाटची. मीच तर फोन धरला होता.” मी म्हटलं, काका, टाकली, पण ती माझीच होती. ते वाकून मातीवरून हात फिरवून उठले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसून मलप्पावरच खेकसले, “उभा काय राहिलास? दोरी काढ. फरशी लिंबाला टेकवून ठिव.”

तर फरशी अजून लिंबाला टेकलेली आहे, आणि हे पत्र त्यासाठी आहे. शिवरात्रीला जमलं तर शिवरात्रीला ये, नाहीतर पुढे जेव्हा जमेल तेव्हा. कट्टा तोवर होणार नाही, काकांनी आता तो शब्द काढणं सोडलं आहे. सासूबाईंना एकटं ठेवायचं नसेल तर त्यांनाही घेऊन ये. त्यांच्या काड्या मी खाली ठेवल्या, पण इथे त्यांच्या हातात माती मी स्वतः देईन. मोरितासानांच्या वाटीतली थोडी राख आणता आली तर आण, म्हणजे त्यांची उदबत्ती अप्पांपुढे उभी राहील. उगवतीच्या बाजूची माती कडक झाली होती, ती मी काल खुरप्याने मोकळी करून ठेवली आहे. तेवढ्या जागेवर मी कुणाला पाय ठेवू देत नाही.

तुझीच वाट बघणारी,
अक्का