सगळ्या वर्गांवर एकच मास्तर

आदरणीय जावईबापूंस,

नमस्कार. तो नेहमीपेक्षा थोडा कमी वाकून केला आहे. राग आपल्या कंपनीवर आहे, आपल्यावर नाही. आपली प्रकृती ठीक असेलच. आमच्या लेकीचा, चिमीचा खोकला कसा आहे? तिने गार पाणी पिऊ नये, असा तिच्या आईचा निरोप आहे. माझा निरोप पुढे आहे. पत्र हाताने लिहितो आहे, कारण कागदाला अजून परवाना लागत नाही. (लागणार असल्यास आधी कळवावे.)

शाळेला वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर आपणच विकलेत. शिक्षकांच्या खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून आपण म्हणालात की एकदा घ्या आणि कायमचे निश्चिंत व्हा. आम्ही झालो. (जावयाच्या शब्दावर विसंबण्याला आमच्या मुख्याध्यापिका आता खरेदीतली चूक म्हणतात.) मग कंपनीचा मेल आला. आमचा अनुभव अधिक समृद्ध व्हावा म्हणून यापुढे शाळेमागे नव्हे, वेळापत्रकातल्या प्रत्येक नावामागे पैसे पडतील. जुन्या ग्राहकांना सवलत म्हणजे जुन्या पैशांत बसतील तेवढी नावे ठेवावीत, बाकीची काढावीत. निवृत्त झालेले काढले. वारलेलेही त्यात निघाले, तेही काढले. (त्यांतले एक मला शिकवायला होते. त्यांचे बटण उभे राहून दाबले.) तरी एक नाव जास्त होतेच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गाण्याच्या बाईंचे काढा; त्या आठवड्याला दोनच तास घेतात आणि कंपनीच्या हिशेबात दिवसभर राबणाऱ्या गणिताच्या मास्तरांइतक्याच महाग पडतात. बाई तिथेच उभ्या होत्या. भांडल्या नाहीत. पर्स खांद्याला लावत एवढेच म्हणाल्या, "मग कधीपासून येऊ नको?" त्या दोन तासांवर त्यांचे घर चालत नसेल, पण त्या चालतात. तेव्हाच ठरवले की हे नाव निघणार नाही.

पहिला उपाय मला सुचला. सगळ्या वर्गांचे सगळे विषय एकट्या माझ्या नावावर टाकले. नाव एक, पैसे एकाचे. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत कळवले की एक व्यक्ती एका वेळी एकाच वर्गात असू शकते. हे खोडून काढता येईना. खाली 'दुरुस्त करा' असे बटण होते आणि शेजारी गणिताचे मास्तर होते, ज्यांना बटण दिसले की राहवत नाही. दुरुस्ती झाली. शिपायाने ती न वाचता फलकावर लावली. सोमवारी एका वर्गावर मी आणि बाकी सगळी शाळा ऑफ. मुले मैदानात, शिक्षक व्हरांड्यात हातात खडू घेऊन उभे. फलकाविरुद्ध वर्गात जायला कोणी तयार नाही. (या पद्धतीला मुलांचा काही विरोध दिसला नाही.) मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारले, "हे काय आहे?"

"नवे धोरण," मी म्हणालो.

मग आपल्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने प्रत्येक वाक्यात मला सर म्हटले आणि दुसरे काही दिले नाही. दोनच तासांसाठी अर्धे नाव चालेल का, असे विचारले. अर्धे नाव नसते सर, म्हणाली. अर्धा पगार असतो, अर्धी रजा असते, हे तिला सांगून पाहिले. तिने फोन वरिष्ठांकडे दिला. तिकडे बराच वेळ संगीत वाजत राहिले. आमच्या बाई त्याहून बरे गातात.

तरी कंपनीला कळवावे की बाईंचे नाव वेळापत्रकात आहे आणि राहील. जादा पैसेही आम्ही भरणार नाही. चिमीला आशीर्वाद.

आपला,
सासरा

ता.क. हे कसे जमले, असे वरिष्ठ विचारतील. मी माझे नाव काढले. नाव नाही म्हणून तास नाहीत, तास नाहीत म्हणून बिनपगारी रजा. माझे वर्ग इतरांनी वाटून घेतले आहेत. बाईंना मी सांगितले आहे की कंपनीनेच माघार घेतली. ते खोटे असून फार दिवस खोटे राहू नये, अशी इच्छा आहे.

ता.क. दुसरे. रिकामा असल्याने शुक्रवारी आपल्याकडे येतो आहे. मोठी ट्रंक बरोबर आहे. लेकीच्या घरी किती दिवस राहावे याचे संकेत मला माहीत आहेत. ते मोडायलाच येतो आहे. सासरे परत कधी जाणार हे आता कंपनीने ठरवायचे आहे, एवढे वरिष्ठांच्या कानावर घालावे, आणि मला उतरवून घ्यायला यावे.