देवीचं मागाहून

२ डिसेंबर
वकीलबाईंनी सांगितलं, रोज काय होतं ते लिहून ठेवा. कोणाचा फोन आला, काय बोलला, किती भरले. रत्नागिरीच्या कोर्टात गरिबांना फुकट सल्ला देतात, त्या बाई. सुनेने पालीहून वही आणली, पहिल्या पानावर श्री काढला आणि चार दिवस तो श्रीच बघत बसली. कर्ज तिचं, तेव्हा लिहिणार काय. म्हटलं, मी सांगते, तू लिही. मला अक्षर येत नाही, तुझं तोंड उघडत नाही. दोघींचं मिळून एक माणूस होईल.
सुनेचं नाव रंजना. हे एकदा पूर्ण लिहून घेतलं. यापुढे मी रंजना म्हणेन तेव्हा ती नुसता र. काढणार. शाई वाचते म्हणे.

५ डिसेंबर
मशीनचं लिहायचं राहिलं. मसाला दळायचं. पडवीत आहे, वर गोधडी घातलेय, पाहुणा झोपल्यासारखं. पालीच्या पतसंस्थेचं कर्ज काढून गेल्या शिमग्याला घेतलं. मे महिन्यात बायका मिरच्या घेऊन दारात बसून राहायच्या. तीन महिने झाले आणि मोटर जळली. तिची तार नव्याने भरून आणायला र.ने फोनवरून कर्ज घेतलं. ते फेडायला परत फोनवरून दुसरं. मोटर पुन्हा जळली.
मुलगा, दिनेश, मुंबईत वॉचमनच्या कामाला आहे. दिवाळीचा बोनस आला तो त्याने सगळा फोनवाल्यांना घातला. ते मिटलं. पण त्याआधी त्यांनी र.च्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना निरोप पाठवले होते, ही बाई पैसे बुडवते म्हणून. माझ्या फोनवरही आला. मला वाचता येत नाही, म्हणून वाडीत मी एकटीच तिच्याशी नीट वागत होते.
उरलं पतसंस्थेचं.

६ डिसेंबर
काल सुगंधाचं नाव आलं आणि हिला झोप आली. आज लिही.
सुगंधा शेजारची. तिचा नवरा सुभाष एसटीत कंडक्टर, पगार पक्का. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन तो. सही त्याची, हट्ट सुगंधाचा. र. आणि ती, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या, तेव्हापासूनचं सूत. हप्ते थकले तसं सुभाषला पत्र आलं, तुमच्या पगारातून कापू. त्या दिवसापासून सुगंधा विहिरीवर जाताना आमच्या अंगणातून जात नाही. वरच्या पाखाडीने जाते. जांभ्याच्या त्या पायऱ्या, डोक्यावर भरला हंडा. गुडघे तिचे आहेत, मी काय बोलणार.

१३ डिसेंबर
लोकअदालत. मला एसटी फुकट, र.ला अर्धं तिकीट. कोर्टात जाणं एवढं स्वस्त कधी नव्हतं.
मोठी खोली, लग्नाला असतात तशा खुर्च्या. टेबलामागे तिघं, बाजूला पतसंस्थेचा मॅनेजर फायली घेऊन. सुभाष ड्युटीच्या खाकी कपड्यांतच आलेला. मधल्या साहेबांनी मला विचारलं, आजी, कर्जदार तुम्ही का? म्हटलं, मी सासू. मग तुमचं काय काम? म्हटलं, हिला घरी रोज मी बोलते, आज तुम्ही काय बोलता ते बघायला आले. मॅनेजर हसला. साहेब हसले नाहीत, पण मला खुर्ची दिली.
ठरलं ते असं. दंडव्याज माफ. बाकीचं थोडं थोडं, दर महिन्याला दहा तारखेपर्यंत, पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत. मध्ये नवीन कर्ज काढायचं नाही. लागोपाठ दोन हप्ते चुकले की तडजोड रद्द, आणि पत्र सरळ सुभाषच्या डेपोत.
साहेबांनी र.ला विचारलं, समजलं का? हिने मान हलवली. साहेब म्हणाले, "मान नको. तोंडाने सांगा."
ती "हो" म्हणाली. या कर्जाविषयी चारचौघांत तिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द.
बाहेर सुभाषने तिघांना वडापाव घेतला. मी पैसे काढले तर म्हणाला, "राहू दे काकी, हप्त्यात घाला." विनोद होता की टोमणा, त्याच्या तोंडावरून कळेना. कंडक्टरचं तोंड.

२८ डिसेंबर
र. काजूच्या कारखान्यात जायला लागली. सकाळच्या गाडीने जाते, काळोख पडताना येते. मी भात लावते, तो कधी तळाला लागतो.

११ जानेवारी
काल पहिला हप्ता भरला. काजूच्या तेलाने हिच्या बोटांची सालं निघालीत. चमच्याने जेवते. म्हटलं, एवढी वर्षं मुंबईत राहून दिनेशला जे जमलं नाही ते तुला जमलं. हसली. बऱ्याच दिवसांनी.
ओली मासळी बंद, सुकटीवर चाललंय. मांजर रागावून सुगंधाकडे जेवायला गेलं. ते मात्र अंगणातून गेलं.

२ फेब्रुवारी
तात्या आले होते. गावकार. शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते तेव्हा प्रत्येक अंगणात गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. कोणाचं लग्न जमेना, कोणाचं पोट दुखतं, सगळं देवीला मोठ्याने सांगायचं आणि वाडीने मागून व्हय महाराजा म्हणायचं.
चहा संपवला आणि र.ला म्हणाले, "सूनबाई, यंदा छत्री ना?"
गेल्या शिमग्याला ही पालखीसमोर बोलली होती, मशीन चाललं तर देवीला चांदीची छत्री घालीन. मला विचारलं असतं तर नारळावर भागवलं असतं. मी तात्यांना म्हटलं, तीन महिने चाललं आणि बंद पडलं, हे चाललं म्हणायचं की नाही? तात्या म्हणाले, चाललं ते चाललं. मनात म्हटलं, यांच्यापेक्षा पतसंस्थेचा मॅनेजर बरा, त्याने दंड तरी सोडला.
र. कपबशी उचलून आत गेली. ती बोलली नाही की मला

(इथे चुलीवर दूध उतू गेलं. पुढचं आठवत नाही.)

१४ फेब्रुवारी
पतसंस्थेतून फोन. या महिन्याचा हप्ता आला नाही. मी म्हटलं, नीट बघा, नऊ तारखेला पैसे घेऊन ती गेलेली माझ्या डोळ्यांनी बघितली. ते म्हणाले, आजी, आमच्याकडे आल्याच नाहीत.
र. कामावरून आली, पाय धुऊ दिले, मग विचारलं. सोनाराकडे दिले. छत्रीची आगाऊ रक्कम.
"देवीचं आधी फेडते आई. तिचं राहिलं म्हणून तर मोटर जळली."
मी म्हटलं, मोटर जून महिन्यात जळली, तेव्हा देवीने तुला मुदत तरी किती दिली होती.
इथे हिने पेन खाली ठेवलं. उचल. उचल आणि लिही, एक हप्ता चुकला. दुसरा चुकला की सुभाषचा पगार कापणार. लिहिलंस? आता खाली लिही, सासू ओरडली नाही. त्याच्या पुढे काय लिहायचं ते मलाही माहीत नाही.

१६ फेब्रुवारी
दोघी सोनाराकडे गेलो. चांदी घेतली, पत्रा काढला, आता पैसे कसे देऊ, म्हणतो. मी दुकानातच बसले. गिऱ्हाईक आलं की सांगायची, घ्या घ्या, माणूस चांगला आहे, कोर्टाचे पैसेसुद्धा ठेवून घेतो. त्याने मला चहा मागवला. मग म्हणाला, छत्री मोडून निम्मे परत देतो, शिमगा संपला की. शिमगा संपतो दहा तारखेच्या नंतर.
येताना गाडीत र. म्हणाली, "तुम्ही दुकानात काय लावलं होतंत आई. मला लाज वाटत होती." म्हटलं, मलाही वाटत होती, पण चहा चांगला होता.

२० फेब्रुवारी
दिनेशला सांगितलं. र.ने नाही, मी. आधी हप्ता किती ते विचारलं. मग म्हणाला, शिमग्याला येत नाही, गाडीभाडं वाचेल ते पाठवतो. पालखी खांद्यावर घ्यायला तो एकही वर्ष चुकला नव्हता. र. भांडी घासत होती. घासून झालेली परत घासली.

५ मार्च
तात्यांच्या घरी गेले. म्हटलं, आमच्या अंगणात गाऱ्हाणं घालाल तेव्हा छत्रीचं सांगा. आज जमत नाही, कोर्टाचे हप्ते संपले की देऊ. कोर्टाने मुदत दिली, देवीकडेही मागून बघू.
तात्या खाली बघायला लागले. "सगळ्यांसमोर बोलू? कर्जाचं?"
म्हटलं, सगळ्यांना केव्हाच माहीत आहे. देवीलाच तेवढं सांगायचं राहिलंय.

८ मार्च
पालखी आली. दिनेशच्या जागी सुभाषने खांदा दिला होता. र.ने ओटी भरली. ढोल थांबले. तात्यांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं, या घरची सून तुझ्या पायाशी उभी आहे, तिने बोललेलं तिच्या ध्यानात आहे… आणि अडले. लग्न, पोटदुखी, हरवलेली गाय, सगळं त्यांना येतं. तडजोड कधी केली नव्हती. र.कडे वळून म्हणाले, "पुढचं तूच सांग बाय. तोंडाने सांग. मला त्यातलं कळत नाय."
बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी तरी बघितलं नव्हतं. ढोलवाल्यांनीही नसेल, ते तोंडं बघत राहिले. मला वाटलं, आता ही मान हलवणार.
ती बोलली. काय बोलली ते तिला लिहायचं नाही, म्हणून मी सांगते, मला पाठ आहे:
"आई, छत्री आज नाय. सुभाषभावोजी माझ्यासाठी जामीन राहिले, सुगंधाने त्यांना सही करायला लावली. त्यांच्या पगाराला हात लागू देऊ नको. आधी त्यांचं फिटू दे. तुझं मागाहून."
देवीला मागाहून. तात्यांच्या हातातला नारळ तसाच. सुभाष पालखीखाली, त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, दिसून उपयोगही नव्हता.
मग मागून कोणीतरी व्हय महाराजा म्हणालं. बाईचा आवाज. त्याच्यावर मग सगळे बोलले. कोण ते दिसलं नाही, मध्ये ढोल. र.ला विचारलं, ती म्हणते डोळे मिटले होते.
पालखी पुढे सुगंधाकडे. पालखीमागे जावंच लागतं. र. त्यांच्या कुंपणाच्या कडेला उभी राहिली. सुगंधाने सगळ्यांना खोबरं वाटलं, हिलाही दिलं. हातावर दिलं. वर बघितलं नाही.

९ मार्च
पैसे जमवले. दिनेशचे आले, काजूचे आले. थोडे कमी पडतात. र. म्हणाली, कारखान्याच्या मालकाकडून उसने घेऊ? म्हटलं, नवीन कर्ज नाही, तूच हो म्हणालीस. आता दोन ठिकाणी शब्द दिलायस, कोर्टात आणि देवीसमोर.

१० मार्च
आज अक्षर वेगळं आहे.
रंजना सकाळच्या गाडीने पालीला गेली. आधी सोनाराकडे जाणार, निदान कमी पडतात तेवढे तरी दे म्हणून, आणि मग पतसंस्थेत. मॅनेजर कमी पैसे घेतो की नाही, माहीत नाही. दुपारच्या गाडीला यायची होती. आली नाही. फोन लागत नाही.
सुगंधा विहिरीवर जायला निघाली ती अंगणातून आली. हंडा तुळशीपाशी ठेवला. "काकी, रंजना आली?" म्हटलं, नाही, बस. बसली नाही. थोड्या वेळाने बसली. म्हटलं, बसलीच आहेस तर आजचं लिही, वकीलबाईंचा हुकूम आहे. म्हणाली, तुमच्या घरातलं मी काय लिहू. म्हटलं, जामीन तुम्ही, तुमच्याही घरातलंच आहे.
मागची पानं तिने उलटली नाहीत. म्हटलं, वाच हवं तर, तुझं नाव बऱ्याच ठिकाणी आहे. "नको. तुम्ही सांगा तेवढं लिहिते."
मी रंजना म्हणते तेव्हा हिचं पेन बराच वेळ चालतं. शाई भरपूर आहे वाटतं यांच्याकडे.
परवा ते पहिलं व्हय महाराजा कोण म्हणालं, ते हिला विचारलं. "मधेच बोलू नका काकी, चुकतं माझं." आता हे लिहिलं की वगळलं, मला कुठे कळणार.
पाचची गाडी खालच्या वळणावर वाजली. सुगंधा उभी राहून बघते आहे, वही हातातच. गाडी फणसाच्या आड आहे, कोणी उतरलं की नाही दिसत नाही म्हणते. हंडा रिकामाच. म्हटलं, विहीर कुठे जात नाही. लिही, मार्चचा हप्ता. पुढे जागा सोड. ती येऊन लिहील.