हात न लागलेली टोकबोकी

प्रिय स्नेहल,

मोबाईलवर भांडले असते तर तू "अगं, ऐक ना" म्हणत मला गुंडाळलं असतंस, म्हणून कागदावर भांडते आहे. आता निमूट वाच.

कापूरहोळच्या फूड कोर्टात तुझा कोरियन खाऊचा गाडा लागला, तेव्हा पहिल्या आठवड्यात टोकबोकीचे काय हाल होते, आठवतंय? तांदळाच्या त्या बोटभर कांड्या लाल रश्शात पडल्या की विरघळून पार पिठलं व्हायचं. तू मार्गासनीला आमच्या ओट्यावर येऊन ढसाढसा रडलीस. माझ्या आईनं एक कांडी दोन बोटांत चिरडून पाहिली आणि म्हणाली, "पोरी, उकड नुसती मळून भागायचं न्हाई. गरम हाय तवरच उखळात कांड, मग बग." तेव्हापासून रोज सकाळी ती उकड कांडते, तेलाचा हात लावून एकेक कांडी वळते आणि मी नसरापूरला गाडी बदलून डबा तुझ्याकडे पोचवते. तळव्यांना फोड आले, तरी तिनं एक दिवस चुकवला नाही. वर "आमच्या स्नेहलचा गाडा लई चालतोय" असं गावभर सांगायची.

रविवारी तिला हौसेनं गाडा दाखवायला आणलं, तर समोर नवी पाटी! 'मशीनवर तयार. हाताचा स्पर्शही नाही.' आई साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली. पाटी दिसली की मोठ्यानं वाचते. 'हाताचा'पर्यंत वाचलं आणि पुढचं मनातच वाचलं. त्यात तू गिऱ्हाइकांना सांगितलंस, "या ओळखीच्या मावशी." ओळखीच्या? जिभेला काही हाड?

तिनं टोकबोकी खाल्ली. मग ती कागदी वाटी घेऊन नळावर गेली, धुतली आणि तुझ्या गाड्याच्या कडेला पालथी घातली. सगळे खो खो हसले. तूही हसलीस! लहानपणी ती कामाला जायची त्या घरी आमच्या माणसांची कपबशी वेगळी असायची. चहा प्यायचा, आपली आपण धुवायची आणि ओसरीच्या कोनाड्यात पालथी ठेवायची. पन्नास वर्षांपूर्वी सुटलेली सवय तुझ्या पाटीनं एका मिनिटात परत आणली.

तू म्हणशील, तसलं काही मनात नव्हतं, पुण्यातल्या कुठल्याशा गाड्यावर वाचलं आणि उचललं. असेलही. त्याचाच तर जास्त संताप येतो. पाटी रंगवून घेताना तुला माझी आई आठवलीसुद्धा नाही.

आज सकाळी आई म्हणाली, "नसरापूरला गेलीस की रबरी हातमोजे आण. माज्यापायी पोरीचा धंदा बुडाय नगं." ज्या हातांनी तुझा गाडा सावरला, ते आता झाकायचे! मी मोजे आणणार नाही, आणि आज डबाही पाठवलेला नाही. पाटी उतरव आणि मार्गासनीला ये. चूक आपलीच झाली असं आईला वाटतंय, स्नेहल. मी शंभरदा सांगून पाहिलं, तिला पटत नाही. ते तुलाच येऊन सांगावं लागेल.

अजून तरी तुझीच,
वनिता